उलटं घातलेलं नाव

कोपरगावच्या बाजारात परवेझशेठच्या भांड्याच्या दुकानाबाहेर एक स्टूल असतं. चौदा वर्षं त्या स्टुलावर कल्याण बसतो. गिऱ्हाईक आत भांडं घेतं आणि बाहेर येऊन त्याच्यापुढे ठेवतं, "नाव घाल रे." कल्याणच्या हातातलं मशीन टर्रर्र करत स्टीलवर फिरतं आणि ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटतं. नावाच्या दोन्ही टोकांना एकेक आंब्याचं पान काढायची त्याची पद्धत. तालुक्यात कुणाच्याही मांडणीवर ते पान दिसलं की समजावं, हात कल्याणचा आहे.

त्याची दुसरी सवय मात्र कुणाला ठाऊक नव्हती. दुपारी बाजार सुस्त झाला, की तो दुकानाच्या माळ्यावर चढायचा. परवेझशेठला वाटायचं, पोरगा पाठ टेकतो. कल्याण मोबाईल घेऊन बसायचा आणि नको ते बघायचा. नऊ वर्षं झाली होती. सुरुवातीला दहा मिनिटं, मग तासभर. खाली उतरला की डोळे चुरचुरायचे, गिऱ्हाइकावर खेकसायचा. घरी बायको, विजयमाला, जवळ बसली तरी तो उठून जायचा. शंभर वेळा सोडलं आणि शंभर वेळा धरलं. मनाला समजवायचा, आपण कुणाचं काय वाईट करतो? त्या बाया आपल्या मर्जीनं करतात, पैसे घेतात. आपण नुसतं बघतो.

फाल्गुनातल्या एका दुपारी तो असाच माळ्यावर होता. मोबाईलमधली खोली साधी, भिंतीचा रंग उडालेला. बाईचं तोंड पलीकडे वळलेलं. अलीकडे फळीवर पोळ्यांचा मोठा डबा होता आणि डब्यावर काहीतरी घातलेलं होतं. कल्याणचा अंगठा थांबला. आंब्याचं पान. दोन पानं, मधे अक्षरं, पण सगळं खालचं वर.

त्याने चित्र थांबवलं. दोन बोटांनी डबा मोठा केला. मग मोबाईलच उलटा धरला आणि वाचलं : "चि. आरतीस, आईकडून."

हा डबा तो विसरणं शक्य नव्हतं. चार वर्षांपूर्वी वेशीजवळच्या मनकर्णामावशींनी लेकीच्या लग्नात घेतला होता. ओट्यावरची धूळ लागू नये म्हणून मावशींनी तो पालथा ठेवला, घाईत कल्याणने तसाच घेऊन नाव घातलं. डबा सुलटा केला तर नाव उलटं. अख्ख्या कामात तशी चूक एवढीच. बदलून देतो म्हणाला, तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. डोक्यावर उभी ऱ्हाऊन वाचंल माझी पोरगी." सगळे हसले होते.

आरतीला नवऱ्याने वर्षातच सोडलं. पुढे ओळखीतल्या एका बाईने तिला परराज्यात पॅकिंगच्या कंपनीत लावते म्हणून नेलं, एवढं त्याच्या कानावर होतं. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. जाताना डबा घेऊन गेली असणार. कामावर जाणारं माणूस डबा घेतंच.

आणखी एक गोष्ट त्याला आठवली. हेच चित्र त्याने महिन्यापूर्वीही बघितलं होतं. सगळं. डबा तेव्हाही तिथेच होता.

तो तसाच उतरला, सायकल काढली आणि गंगेवर गेला. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. कपड्यांसकट तीन बुड्या मारल्या, ओल्या हातांनी मोबाईलमधलं सगळं पुसून तो कोरा केला आणि नदीला हात जोडून शपथ घेतली, आजपासून बंद. काठावर बसून त्याला वाटलं, सुटलो.

पण सुटका कसली. जेवताना घास फिरायचा. मशीन हातात घेतलं की तेच नाव डोळ्यांपुढे यायचं. मंदिरात गेला तर देवीपुढचा डबा दिसायचा, हॉटेलात गेला तर चहापत्तीचा. कुणाला सांगावं तर पहिला प्रश्न येणार, तुला कुठं दिसलं? न सांगावं, तर ती तिथेच.

नवव्या दिवशी परवेझशेठ पाच तांबे हातात घेऊन बाहेर आले. "कल्याण, गिऱ्हाईक परत आलंय. म्हणतंय, आमच्या खानदानात आरती नावाचं कुणीच न्हाई."

पाचही तांब्यांवर आरती. सरळ, सुबक, दोन्हीकडे पान.

बाजारात गोष्ट उडायला काय वेळ लागतो. संध्याकाळी विजयमालेने भाकरी थापता थापताच विचारलं, "ही आरती कोण?"

"कोणी न्हाई."

"पाच तांब्यांवर घातली तिला. माझं नाव घरातल्या एका वाटीवर न्हाई. सांगा, म्हंजी मी आपली माहेरी जायला मोकळी."

मग कल्याणने सांगितलं. माळ्यापासून गंगेपर्यंत. महिन्यापूर्वीचं तेवढं मनातच ठेवलं. भाकरी तव्यावर करपली, तिने उलटली नाही.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यातच काय कमी हाय."

कल्याणने करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

"आन् गंगेत बुडी मारून आलात. तुमी धुऊन निघालात. ती काय गंगेवर आलीय का?" पदराला हात पुसत ती उठली. "मनकर्णामावशीकडं चला. आत्ताच. माझं तुमचं मागनं बघू."

मावशी अंगणात कांदे निवडत होत्या. लेक बरी आहे म्हणाल्या, महिन्यातून फोन येतो, कंपनीत आवाज फार म्हणून लगेच ठेवते. कल्याण उभाच होता. विजयमालेने त्याला कोपराने ढोसलं.

"मावशी, आरतीचा डबा मला दिसला."

"कुठं?"

"मोबाईलमधी. वाईट चित्रात. तोंड दिसलं न्हाई, पण बाई आरतीच असंल. तिच्या मर्जीनं नसंल, मावशी. कंपनीचं नाव सांगून कुणीतरी डांबून ठिवलंय तिला."

मावशींच्या हातातला कांदा खाली पडला. त्यांनी पायातली चप्पल हातात घेतली. कल्याण हलला नाही. विजयमालाही मधे पडली नाही. हात वर तसाच थांबला, मग खाली आला. मावशींनी चप्पल परत पायात घातली.

"चल," म्हणाल्या. "कुठं सांगायचं ते दाव."

पोलीस ठाण्यात अंजुममॅडम म्हणून हवालदार होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मोबाईल मागितला. कोरा मोबाईल बघून त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"पुसला? वा. सगळे असंच करतात. पाप पुसतो म्हणून पुरावा पुसतात." मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "अक्षर चांगलंय म्हणे तुमचं. खोली काढा. बाई नको, खोली."

कल्याणने काढली. खिडकीचे चौकोनी गज, फळी, डबा, आणि डब्याशेजारी लटकलेली, क्रॉसची खूण असलेली औषधांच्या दुकानाची पिशवी. पिशवीवरची दुसऱ्या लिपीतली तीन अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण त्याचा हातच अक्षरांचा. जशी दिसली तशी उतरवली. मावशींनी नेणाऱ्या बाईचं नाव, गाव, नंबर दिला. जबाबाच्या शेवटी मॅडमनी विचारलं, "किती वेळा बघितलं?"

"एकदाच," कल्याण म्हणाला, आणि सही केली.

पिशवीवरच्या अक्षरांवरून दुकानाचा माग लागला आणि तीन आठवड्यांनी आरती सापडली. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. एक बीडकडची, एक कुठली ती तिलाच नीट सांगता येत नव्हतं. नेणारी बाई आणि दोन पुरुष धरले गेले. खोलीचं भाडं कोण भरायचा, चित्रं कोण कुठे विकायचा, ते एकेक निघत गेलं. अंजुममॅडम एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाईक हाय म्हणून दुकान हाय." त्या कल्याणकडे बघून म्हणाल्या नव्हत्या, पण कल्याणला ते पाठ झालं.

बाजारात त्याला टोमणे बसले. पोरं विचारायची, "काय कल्याणशेठ, माळा रिकामा का?" परवेझशेठनी माळ्याच्या जिन्याला कुलूप लावलं, पण स्टूल काढलं नाही. साधा बटणाचा फोन आला. विजयमाला माहेरी गेली नाही, पण रोज त्याला विचारायची, "आज?" आणि तो म्हणायचा, "आज न्हाई." दोनदा त्याला "व्हय" म्हणावं लागलं, दुसऱ्याच्या मोबाईलवर बघितलं म्हणून. त्या दोन्ही दिवशी ती जेवली नाही. तिसऱ्यांदा मात्र तशी वेळ आली तेव्हा तो चालत गंगेपर्यंत जाऊन आला. बुडी मारली नाही. दुपार झाली की अजून त्याला स्टुलावर बसवत नसे, अंगठा आपोआप हलायचा.

श्रावणातल्या सोमवारी तशाच एका दुपारी समोर डबा येऊन बसला. पोळ्यांचा, मोठा, तळाशी चेमटलेला. ठाण्यातून सुटून आलेला. कल्याणने मान वर केली नाही. पायांवरूनच ओळखलं, मावशी नव्हत्या.

"हे नाव काढून टाका," आरती म्हणाली.

"घासता यील. खूण ऱ्हाती पण."

"घासा."

त्याने पॉलिश कागद घेतला, हात डब्यावर ठेवला, पण घासवेना.

"तुमीच बघितलं ना?"

"व्हय."

"मॅडम म्हनाल्या, एकदा बघितलं आन् लगेच डबा ओळखला."

सही केलेला कागद होता. तेवढंच म्हणायचं होतं, व्हय. मावशी म्हणत त्याप्रमाणे तो त्यांच्या लेकीला सोडवणारा राहिला असता. बाजारातही हळूहळू तसंच बोललं जात होतं.

"दोनदा," तो म्हणाला. "पहिल्यांदा डबा दिसला न्हाई."

आत परवेझशेठ कुणालातरी कढईचं माप सांगत होते. ते संपलं, गिऱ्हाईक गेलं, तरी आरती तिथेच उभी होती.

"म्हंजी महिनाभर आधी येता आलं असतं कुणाला," ती म्हणाली.

"व्हय."

तिने त्याच्या हाताखालून डबा ओढून घेतला. बोटाने उलट्या अक्षरांवरून एकदा चाचपलं.

"ऱ्हाऊ द्या मग. बघणाऱ्याला दिसाया पायजे."

डबा कडेवर घेऊन ती गर्दीत मिसळली. कल्याणने स्टूल आत सरकवलं, दुपारचे दोनच वाजले होते, आणि परवेझशेठना म्हणाला, "ठाण्यात जाऊन येतो. जबाबात एक चूक ऱ्हायलीय."