कोट एक, नवरदेव अकरा

नानांच्या फोटोंचं प्रदर्शन जळगावात तीनच दिवस होतं, पण त्यावर बोलायला बसलो की आमचा चहा गार होतो. एक किस्सा सांगावा, तर दुसरा त्याच्या मागे उभाच असतो. मी नानांच्या स्टुडिओत पंचवीस वर्षं रिटचिंग केलं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवले. त्यामुळे यातलं बरंचसं माझ्यासमोरच घडलं.

मुळात नाना तयारच नव्हते. आता जो तो खिशात कॅमेरा घेऊन फिरतो, आपले जुने फोटो बघायला कोण येणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मीच पेट्या उघडल्या. हॉलमध्ये शंभर फोटो मावत होते. नानांनी चारशे निवडले. कमी करा म्हटलं, तर म्हणाले, "ज्याला काढलं तोच नेमका आला, तर त्याच्यासमोर तू उभी राहशील का?"

*

उद्घाटनाला सगळे ग्रुप फोटोसाठी उभे राहिले, मधोमध नाना. फोटोग्राफर "रेडी" म्हणाला आणि नाना रांगेतून बाहेर! उंच माणसं मागे पाठवली, प्रमुख पाहुण्यांची हनुवटी दोन बोटांनी खाली केली, आणि बाजूला होऊन म्हणाले, "हं, आता घ्या."

फोटोत सगळे छान आलेत. नाना सोडून.

*

दुसऱ्या दिवशी असोद्याचे एक आबा नातीला आपला लग्नातला फोटो दाखवायला घेऊन आले. नात शेजारचे फोटो बघत पुढे गेली आणि म्हणाली, आबांचा कोट यानंही घातलाय. आणि यानंही. मोजले तर नवरदेव अकरा, कोट एकच.

आबांचा चेहरा उतरला. नाना शांतपणे म्हणाले, "कोट स्टुडिओचा होता, आबा. नवरी मात्र प्रत्येकाची वेगळी आहे, बघून घ्या."

*

अमळनेरचं एक वयस्कर जोडपं आलं होतं. एका मुलीच्या फोटोसमोर भाऊ थांबले आणि मला कौतुकानं सांगू लागले, की हाच फोटो बघून त्यांनी होकार कळवला होता. अक्कांनी चष्मा लावला.

"ही आमची ताई. माझा फोटो धुवून आला नव्हता, म्हणून वडिलांनी हिचा पाठवला."

इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस, भाऊ म्हणाले. अक्का म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं?"

पुढचे सगळे फोटो त्यांनी हात धरून पाहिले. कोणी कोणाचा धरला होता, ते कळलं नाही.

*

शेवटच्या दिवशी दुपारी पिंपळनेरहून एसटीनं एक पन्नाशीचा माणूस आला. तिथल्या आठवडे बाजाराचा नानांनी काढलेला फोटो त्यानं कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिला होता. त्यात डोक्यावर पाटी घेऊन एक बाई चालली आहे, पाठमोरी.

"हाई मनी माय शे," तो म्हणाला. चालीवरून त्यानं ओळखलं होतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता.

नानांना वाईट वाटलं. चेहरा यावा म्हणून तेव्हा तीन हाका मारल्या होत्या, पण ती वळलीच नाही, असं त्यांनी सांगितलं. तो हसला. बाजारातून घरी निघाली की ती आम्हा पोरांसाठीही थांबत नसे, म्हणाला.

मग तो फोटोच्या अगदी जवळ गेला आणि हळूच हाक मारली, "माय."

त्यानं जरा वाट पाहिली आणि नानांकडे बघून म्हणाला,

"नही वळनी, नाना."