कालव्याकाठचा डबा

लिफ्टदुरुस्तीवाल्या मिस्त्रीने जन्मभर लोकांची वर-खाली जायची सोय पाहिली, पण बायकोबरोबर कालव्यापर्यंत जायला त्याला काही सवड झाली नाही. झाली नाही कसली, त्याने ती काढलीच नाही!

बायको कालव्याकाठच्या शिलाई कारखान्यात काज-बटणं करायची. ती सकाळी लवकर निघायची आणि याची पाळी दुपारची, म्हणून तिचा डबा हाच भरायचा. "जरा जास्त घाला हो," ती रोज बजावायची.

"खातेस पैलवानासारखं आणि दिसतेस काडीसारखी," हा चिडवायचा. "जातं कुठे सगळं?"

ती गालातल्या गालात हसायची. "रविवारी कालव्यातून होडी सुटते. एकदा चला, दाखवते."

"त्या गटारात? नाक मुठीत धरून? बघू पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार पुढेच सरकत राहिला आणि गेल्या वर्षी बायकोच गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं. त्यानंतर कारखानाही बंद पडला. ती काय दाखवणार होती, हे आता विचारायचं तरी कुणाला? जेवताना, अंथरुणावर पडल्यावर, लिफ्टच्या तारांना वंगण लावताना तेवढं एकच त्याच्या डोक्यात घोळत राही.

शेवटी एका रविवारी तो उठला. डबा भरला, हाताला सवय म्हणून चांगला दाबून भरला, आणि होडीवर गेला. गिऱ्हाईक तो एकटाच. होडीवाला म्हातारा म्हणाला, "बसा मधोमध. आणि नाक सोडा आता, वास पुलापर्यंतच आहे."

पुलाखालून पलीकडे गेल्यावर मिस्त्री चाटच पडला. दोन्ही बाजूंना इमारतींच्या मागच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, गळके पाइप. आणि त्या सगळ्याच्या पायथ्याशी हे जग! पाणकावळे पंख पसरून उन्हात बसलेले. एका गंजक्या सळईवरून खंड्याने सूर मारला आणि मासा घेऊन परत जागेवर आला. पलीकडे एक पाणमांजर खुशाल पाठीवर लोळत होतं.

"अगं, हे सांगायचंस तरी," तो पुटपुटला, आणि त्याने जीभ चावली. सांगत तर होती बिचारी, दर आठवड्याला.

बंद कारखान्याखाली म्हाताऱ्याने होडी थांबवली. पाण्यातून एक डोकं वर आलं, मग दुसरं. बघता बघता दहा-बारा कासवं माना ताणून वर बघू लागली.

"ही बाईंची मंडळी," म्हातारा म्हणाला. "ती वरची खिडकी दिसते ना? तिथून एक बाई रोज दुपारी अर्धा डबा खाली टाकायच्या. मी इथेच होडी बांधून जेवायचो. मग बाई दिसेनाशा झाल्या. पण यांना कोण सांगणार? कुणी थांबलं की येतात." तो हसला. "आणि टाकताना काय म्हणायच्या, ठाऊक आहे? 'आमच्या ह्यांच्या हातचं आहे. मीठ जरा जास्त झालंय, पण पाणी तुमच्याकडे भरपूर आहे!'"

मिस्त्रीला फसकन हसू आलं. इतकी वर्षं मीठ जास्त होतं आणि ही बाई चकार शब्द बोलली नाही! आत्ता ती इथे हवी होती. भांडायला हवी होती, टोमणा मारायला हवी होती, नुसतं "अहो, बघितलंत?" म्हणायला तरी हवी होती.

"त्या म्हणायच्या, एका रविवारी ह्यांना घेऊन येते," म्हातारा सांगतच होता. "मी दर रविवारी दोघांसाठी ही फळी पुसून ठेवायचो. ते काही आले नाहीत."

मिस्त्रीने डबा उघडला. पहिला घास स्वतः खाल्ला. खारटच होता. मग पोळीचे तुकडे करून तो एकेक पाण्यात सोडू लागला.

"आलेत," तो मान वर न करता म्हणाला. "पण एकटेच आलेत."