गुंगीचं औषध आणि खारं पाणी

शोधनिबंधात तक्ते जातात. तक्त्यात न मावलेलं सगळं आमच्याकडे डबा खाताना निघतं, आणि दर वर्षी त्यात भर पडत जाते.

जबलपूरच्या आमच्या फार्मसी कॉलेजातला प्रयोग साधा होता. पांढऱ्या उंदरांना गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं, पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एक साध्या पाण्याची, एक मिठाच्या, आणि कुठली किती रिकामी होते ते पाहायचं. मोजायची माझी विद्यार्थिनी रुची. पिंजरे सांभाळायचे वानखडेकाका. काकांचा जन्म इथल्याच खमरियाचा, बोली मात्र नागपूरकडची.

*

एकदा बाटल्यांची लेबलं सुटून पडली. रुची रडकुंडीला आली. मी पोचले तर काकांनी बाटल्या दोन रांगांत लावून ठेवलेल्या.

"कशा ओळखल्या?"

"चाखून."

"अहो काका, उंदरांच्या बाटल्या त्या."

"त्यायले काही आजार नाही, मॅडम. रुचीनंच तं तपासलं."

*

औषधानं उंदीर पेंगतील, पाणी कमी पितील, असा रुचीचा अंदाज. पण ते खारं पाणीच जास्त प्यायले. आपलंच चुकलं असं वाटून बिचारीनं तीनदा सगळं पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही तेच.

"मॅम, अब क्या करूँ?"

"लिहून टाक. उंदरांनी तुझं प्रपोजल वाचलेलं नाही."

*

सात नंबरचा उंदीर सुई पाहून थरथरायचा. काका त्याला तळहातावर घेऊन म्हणायचे, "चलो भैया, अभी हो जाएगा." तो शांत व्हायचा.

रुचीच्या व्हायवाच्या दिवशी काका दाराशी उभे होते. म्हणाले, "चलो दीदी, अभी हो जाएगा."

*

निकालाचं पोस्टर भिंतीवर लागलं तेव्हा काकांनी विचारलं, "यात काय लिहिलं हाय?"

"गुंगीच्या औषधानं उंदरांना मीठ जास्त हवंसं वाटतं."

काका स्टुलावर बसले. "माणसाले बी होते का असं?"

"उंदरावरून नाही सांगता येत. का हो?"

"बायको झोपेची गोळी घेते. बीपी हाय, मीठ कमी सांगितलं. अन् लपून लोणचं खाते. मी लय बोललो तिले."

"डॉक्टरांना विचारा. गोळीचंही सांगा."

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून काका तिला घेऊन गेले. आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"गोळी पाहतो म्हणे. लोणचं बंदच."

"आणि काकू?"

"घरून निघताना सॉरी म्हटलं मी तिले. म्हटलं, तुझा दोष नाही, गोळीचा असन. तं म्हणे, 'काहून? मले लोणचं आवडते.'"