वाचनालयाची खालची पायरी

नगरपालिकेत त्याला सगळे ‘सेंटीमीटर’ म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे सेंटीमीटर. जमिनीची उंची मोजून नकाशावर आकडे चढवायचे, हे त्याचं काम, आणि एकतीस वर्षं तो तेच करत आला होता.

शहर वाढतंय म्हणून नवा आराखडा निघाला होता. वीस वर्षांनी माणसं दुप्पट होणार, असं कोणीतरी वर बसून ठरवलं होतं, नि त्या न जन्मलेल्या माणसांच्या पाण्याची तजवीज चालली होती. आजच्या माणसांसाठी नियम साधा होता. टेकडीवरच्या जुन्या टाकीच्या तळापेक्षा दाराचा उंबरठा बारा मीटर खाली असेल, तरच घरात नळ. त्या उंचीवरून नकाशावर एक निळी रेघ फिरवलेली. रेघेखालचे आत, वरचे बाहेर. बाहेरच्यांसाठी दुसरी, उंच टाकी होणार होती, पंधरा वर्षांनी, तीही तोवर कोणी विसरलं नाही तर.

ताईचं घर यंदा आत आलं होतं, गल्लीतल्या सगळ्या घरांसकट. दहा सेंटीमीटरने. थोरली बहीण, एकाहत्तरची, गुडघे कामातून गेलेले. तरी उताराखालच्या सार्वजनिक नळावरून दिवसाला चार कळश्या वर आणायची. आई गेल्यावर याला तिनेच वाढवलं. नकाशा लागला, आणि दुसऱ्याच दिवशी तिने नवी तोटी आणून ओट्याजवळच्या भिंतीला भोकही पाडून घेतलं. गल्लीतल्या बाकीच्या बारा घरांना ‘माझ्या भावाने केलं’ असं सांगून मोकळी झाली. भावाने काडीचंही केलं नव्हतं. मोजणी बाहेरच्या कंपनीच्या माणसांनी केली होती. याने फक्त ‘तपासले’ म्हणून सही ठोकायची होती.

सहीआधी खुणेच्या जागी जाऊन स्वतः मोजपट्टी उभी करायची, ही त्याची जुनी खोड. शहरातली प्रत्येक उंची एकाच जागेवरून मोजतात, आणि ती जागा त्यानेच नोकरीच्या पहिल्या वर्षी वहीत लिहून ठेवली होती: ‘वाचनालय, खालची पायरी.’ तो गेला, पट्टी टेकवली, आणि सवयीने पायऱ्या मोजल्या. चार. त्या काळी पाच होत्या. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले नि खालची पायरी कधीच गाडली गेली. आता जी खालची दिसत होती, ती मुळातली दुसरी. कंपनीच्या माणसांनी वहीत वाचलं आणि तिच्यावरूनच मोजलं. त्यांचं काय चुकलं? ‘वरून पाचवी’ असं लिहिलं असतं तर हे झालं नसतं. पण रस्ताही वर येऊ शकतो, हे तेव्हा या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

पायरीची उंची सतरा सेंटीमीटर. म्हणजे नकाशावरचं प्रत्येक घर प्रत्यक्षात सतरा सेंटीमीटर उंच. टाकीचा आकडा मात्र जुना, पाच पायऱ्यांच्या काळातला, म्हणून बरोबर. ताईची गल्ली रेघेच्या सात सेंटीमीटर वर गेली.

त्याला घाम फुटला नाही. पूर्वी तीन सेंटीमीटरसाठी त्याने एका शिंप्याला नळ नाकारला होता. शिंपी दोन वर्षं खेटे घालून शेवटी घर विकून गेला, तेव्हाही याला काही वाटलं नव्हतं. मोजून मोजून माणूस आतून बधिर होत असावा. ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याचंही फारसं दुःख नव्हतं.

‘सात सेंटीमीटर, काका,’ पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरबाई म्हणाल्या. ‘वीतभरसुद्धा नाही. पाण्याला काय कळतंय?’

‘पाण्याला नाही कळत. चढेल ते.’

‘मग झालं तर. मी काही ऐकलेलं नाही.’

बाई मनाने चांगल्या. पळवाट दाखवून त्या दुसरी फाइल उघडून बसल्या. तो आपल्या टेबलाशी आला. शिंपी आठवावा, ताईचे गुडघे डोळ्यांसमोर यावेत, असं काहीएक झालं नाही. चूक काय, कशामुळे आणि कोणाची, हे त्याने तीन ओळींत लिहिलं, आवक खिडकीत दिलं नि पोच घेतली.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. तिने चहा टाकला. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

‘म्हणजे नळ नाही,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘आणि ते पायरीचं वहीत कोणी लिहिलं होतं?’

‘मी.’

ताईने गॅस बारीक केला.

‘लेखी दिलंस?’

‘दिलं.’

‘आधी विचारलं असतंस तर मी देऊ दिलं नसतं. म्हणून नाही विचारलंस ना?’

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, ‘बाकीच्या घरांना सांगून येतो.’

‘तू नको. तू नोटीस वाचल्यासारखं सांगशील. बस, चहा घे.’

त्याच्या हातात कप देऊन ती भिंतीला धरून बाहेर पडली. गल्ली अरुंद, दारं उघडी. एका घरातलं बोलणं दुसऱ्यात सहज ऐकू येई. पहिल्या दारात ती म्हणाली, ‘आपला नळ राहिला बाई. मोजणीत चूक झाली होती, आमच्या धाकट्याने पकडली.’ चूक कोणाची, असं कोणीतरी विचारलं. ‘कोणाची का असेना, माणसांच्याच हातून होते,’ ती म्हणाली. दुसऱ्या दारातही तेच सांगितलं. तिसऱ्या दारात एकाने आवाज चढवला: भावाने केलं म्हणून सांगत होतात, आता त्यालाच विचारतो. ताईचा आवाज मात्र चढला नाही.

‘काय बोलायचं ते मला बोला,’ ती म्हणाली. ‘त्याला नका बोलू. त्याला फार लागतं.’

त्याने कप खाली ठेवला. अजून नऊ दारं राहिली होती, आणि त्याला पुढचं ऐकवेना.