काकांच्या घरामागची दरड

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, मी माझ्या काकांच्या घराचा नकाशा काढला. त्या नकाशातल्या एका रेघेची भीती मला आजही वाटते.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मुंबईत वीस-बावीस वर्षं टेम्पो चालवला आणि गुडघे बोलायला लागल्यावर काकूला घेऊन वाडीत परत आले. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. डोंगराच्या पोटाशी अकरा घरं, खाली ओढा, वर नाचणीची वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन आणि त्याच्याही वर रान. काकांना पत्र्याचं नको, स्लॅबचं घर हवं होतं.

"इंजिनेराला कशाला बोलवायचा? आपली पोरगीच आर्किटेक्ट व्हतेय," असं ते वाडीभर सांगत फिरले.

मी जेमतेम दुसऱ्या वर्षाला होते. माझा अभ्यासक्रम जोडीचा होता, वास्तुकला आणि नगरनियोजन एकत्र, सहा वर्षांचा. सकाळी घर शिकायचं, दुपारी गाव. सकाळ मला आवडायची. दुपारी रस्त्यांच्या रुंद्या आणि पाण्याच्या टाक्या आल्या की मी वहीच्या मागच्या पानावर जिने काढत बसायचे.

काकांची जागा उतारावर होती. चार खोल्या काही केल्या बसेनात. मग मी सोपा मार्ग काढला. मागचा डोंगर बारा फूट उभा कापायचा, जागा सपाट करायची आणि घर पुढे बसवायचं. कागदावर ती एक उभी रेघ होती. तिच्या पुढे मी दगडी भिंतही दाखवली होती, पण काका म्हणाले, भिंत पुढच्या उन्हाळ्यात बघू. मी हो म्हटलं. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं, इतकी मी खूश होते.

कुणी विचारेल की तळीये तुमच्यापासून कितीसं लांब? तिथे डोंगर गावावर आला तेव्हा मी बारावी होऊन प्रवेशाची वाट पाहत होते. त्या दिवसांत आमच्याकडे कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तरीही तो डोंगर वेगळा, आमचा वेगळा, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आमच्या डोंगराने कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं. म्हणून तो चांगला.

जेसीबी आला, लाल माती कापली गेली, घर उभं राहिलं. वास्तुशांतीला काकांनी सगळ्यांसमोर मला पुढे बोलावून सांगितलं, "हिचा हात लागलाय घराला."

चौथ्या वर्षी नियोजनाच्या बाईंनी काम दिलं: आपापला तालुका घ्या, आणि माणसांनी कुठे राहावं, कुठे राहू नये याचा नकाशा करा. काम जोडीने करायचं होतं. माझी जोडीदार महाड शहरातली. तळीयेच्या त्याच दिवसांत सावित्री नदी त्यांच्या घराच्या माळ्यापर्यंत चढली होती, आणि ती आईवडिलांबरोबर दीड दिवस गच्चीवर बसून होती. त्यामुळे पुराचा भाग तिने मागून घेतला. डोंगरउतारांचा भाग माझ्याकडे आला.

पंचवीस अंशांपेक्षा उभा उतार लाल दाखवायचा, असं आमचं ठरलं होतं. संगणकावर नकाशा हळूहळू रंगत गेला. मी आधी ओढा शोधला, मग ओढ्यावरून वाडी शोधली. वाडी लाल होती. मला वाटलं आकडे चुकलेत. पुन्हा केलं. पुन्हा लाल. आणि त्या नकाशात तर आमची कापलेली दरड धरलेलीच नव्हती, तो मूळचा डोंगर होता. म्हणजे आधीच उभा असलेला डोंगर मी पायथ्याशी आणखी उभा केला होता.

त्यानंतर मी जे केलं ते मी फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. मी पंचवीसची मर्यादा तीस केली. वाडी नारिंगी झाली. नारिंगी म्हणजे 'काळजी घेऊन राहता येईल'. मी तो नकाशा तसाच सेव्ह केला आणि मेसमध्ये जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या जोडीदार मैत्रिणीने तो उघडला.

"आपलं पंचवीस ठरलं होतं ना?"

"तीसही धरतात काही जण."

"मग महाडकडच्याही पाच-सहा वाड्या सुटतात की. त्यांना काय सांगायचं, राहा खुशाल?" ती माझ्याकडे बघत राहिली. "काय झालंय?"

मी तिला काकांच्या घराचं सांगितलं. ती रागावली नाही. हाताला धरून मला बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी थोडेच प्रश्न विचारले. "घरामागचा उतार कापलाय? किती?"

"बारा फूट."

"भिंत?"

"नाही बांधली."

"कापायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "नकाशा माझा आहे."

जुलै महिना होता. बाईंनी खिडकीबाहेर बघून विचारलं, "तिकडे पाऊस कसा आहे?"

"चार दिवस थांबलेला नाही."

"मग कामाचं नंतर बघू. आधी घरी जा. आणि वरच्या बाजूला जमिनीत भेग दिसली, तर त्या घरात कुणाला थांबू देऊ नकोस."

मैत्रीण म्हणाली, मीही येते. महाडला आम्ही एसटी बदलली. एमआयडीसीची पाळी सुटली होती. थकलेली माणसं ओल्या रेनकोटात उभ्याउभ्या डुलक्या घेत होती. मला मात्र डोळे मिटवत नव्हते. खिडकीतून दिसणारा प्रत्येक डोंगर मी अंशांत मोजत होते. हा वीस, हा तीस. लहानपणापासून बघितलेले डोंगर, पण त्या दिवशी एकही ओळखीचा वाटला नाही.

वाडीत पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजत आले होते. काकू भाकऱ्या थापत होती. मी आत न जाता सरळ घराच्या मागे गेले. दरडीच्या पायथ्यातून पाणी झिरपत होतं, आणि ते चहासारखं लाल होतं.

"कधीपासून गो काकू?"

"झाले चार दिस. पयला चांगला येत व्हता, भांडी घासायची मी त्याच्यात. आता गाळच येतोय."

दरडीच्या कडेने आम्ही दोघी वर चढलो. घरापासून तीसेक पावलांवर गवतात ती भेग होती. घराच्या अंगाला वळलेली, विळ्यासारखी. मी हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि खाली काही लागलं नाही. आत गार होतं. मला एकदम रडू आलं. मैत्रिणीने दोन काठ्या शोधल्या, भेगेच्या दोन्ही बाजूंना ठोकल्या आणि पिशवीतला टेप काढला. काठ्यांमधलं अंतर बेचाळीस सेंटिमीटर. चार तासांनी पुन्हा मोजलं, तर चव्वेचाळीस.

काका ओटीवर बसले होते. वडीलही आले होते. मी सगळं सांगितलं. काका हसले.

"भेग दरसाल पडते. उन्हात जमीन तडकते, पावसात मिटते."

"काका, पाऊस चालू आहे आणि भेग वाढतेय. मिटत नाहीये."

"दोन शेंटीमीटर! अगो, तेवढा तर माझा गुडघा सुजतो रोज."

"मी हात जोडते. आज खाली शाळेत चला सगळे."

काकांचं हसू गेलं. "दोन वर्सा झाली नाय घराला. आणि तू सांगतेस सोडा? मग नकाशा काढलास तवा का नाय सांगितलास? नकाशा तर तुझाच हाय."

मला माहीत होतं हे वाक्य येणार. एसटीत मी त्याला दहा उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही वापरलं नाही.

"हो, माझाच आहे," मी म्हटलं. "तो चुकलाय. मला तेव्हा कळत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. डोंगर कापायला मी सांगितलं, म्हणून तो सुटलाय. माझी चूक आहे, काका."

गोठ्याच्या पत्र्यावर पावसाचा आवाज चालू होता. वडिलांनी इतका वेळ मान वर केली नव्हती. आता ते उठले आणि गोठ्याकडे चालू लागले. "मी गुरं सोडतो," एवढंच म्हणाले. काकूने परातीवर झाकण ठेवलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. वडिलांनी पोलीस पाटलांना फोन लावून कळवलं.

दरडीखाली तीन घरं येत होती. तिन्ही घरांची माणसं अंधार पडायच्या आत ओढ्यापलीकडच्या शाळेत आली. काका सगळ्यांत शेवटी आले आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

पुढचे दोन दिवस काहीच झालं नाही. यातलं सगळ्यांत वाईट तेच होतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. शेजारची म्हातारी मंडळी म्हणाली, शिकलेल्या पोरींनी उगाच घर सोडायला लावलं. भेग चव्वेचाळीसवर थांबली होती. डोंगर पडू नये असं मला वाटत होतं, आणि मी खोटी ठरू नये असंही वाटत होतं. ही दुसरी इच्छा माझ्या मनात आहे हे कळल्यावर मला स्वतःचीच भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावसाने पुन्हा जोर धरला. दहाच्या सुमाराला मी शाळेच्या दारात उभी होते. पलीकडच्या पायवाटेवर छत्री दिसली. काका घराकडे निघाले होते.

मी धावले. मागून मैत्रीण ओरडत होती, "जाऊ नकोस! त्यांना हाक मार, तू जाऊ नकोस!" मी हाका मारत होतेच, पण ओढ्याच्या आवाजात त्या पोचत नव्हत्या. घरात शिरले तेव्हा काका स्वयंपाकघरात खाली बसून गॅसची टाकी सोडवत होते.

"काका, चला."

"आलो गो, एवढी टाकी..."

डंपरमधून खडी ओतावी तसा आवाज मागून आला. आधी बारीक, मग थांबेचना. मागचं दार बंद होतं. ते आत फुगलं. मी काकांचा शर्ट पाठीमागून धरला आणि ओढलं. ते उठले की पडले मला आठवत नाही. ओटीवरून अंगणात, अंगणातून वाटेवर, गुडघे दुखणारा माणूस माझ्यापुढे पळत होता. भाताच्या खाचरापाशी पोचल्यावर आम्ही मागे बघितलं.

गोठा नव्हता. तिथे नुसती लाल माती होती आणि तिच्यात मुळं वर करून आडवं पडलेलं ऐनाचं झाड. घर उभं होतं, पण एका अंगाला कललेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिखल हळूहळू बाहेर येत होता, काहीच घाई नसल्यासारखा.

काका वाटेवरच बसले. एका पायात चप्पल नव्हती. मला वाटलं ते काहीतरी मोठं बोलतील.

"काकूला सांगू नको," ते म्हणाले, "मी आत व्हतो म्हणून."

मी आजवर सांगितलेलं नाही.

कुणाला खरचटलंही नाही. तलाठी आले, पंचनामा झाला, भिंतीवर लाल रंगाने फुली मारली गेली. काका-काकू पोलादपुरात दोन खोल्यांत राहायला गेले. वाडीत काही जण म्हणाले, पोरीने वाचवलं. काही म्हणाले, पोरीनेच घालवलं. मला दोन्ही खरं वाटतं, आणि त्यांची वजाबाकी करता येत नाही.

कॉलेजात आम्ही पंचवीस अंशांचाच नकाशा दिला. त्याच्या शेजारी मी काकांच्या घराचा माझा जुना नकाशा लावला, आणि कापलेल्या जागी काय झालं ते लिहिलं. परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, धाडस आहे. धाडस कसलं? कागद भिंतीला लावताना माझ्या हातातून टाचण्या पडत होत्या, त्या मैत्रीण उचलून देत होती.

हल्ली मी फार हळू काढते. स्टुडिओतले सर वैतागतात. इतरांचे चार मजले होतात तोवर माझा पाया ठरलेला नसतो. जमिनीला लागणारी कुठलीही रेघ ओढायच्या आधी मी विचारते की इथलं पाणी कुठे जातं, आणि मग घाम येतो. मैत्रीण म्हणते जाईल ही भीती. मला ती पूर्ण जायला नको आहे, पण हे मी तिला सांगत नाही.

काका माझ्याशी सात-आठ महिने बोलले नाहीत. मग एका रविवारी त्यांचा फोन आला. कसं काय, जेवलीस का, असं काही नाही.

"घर बांधायचा हाय पुन्ना," ते म्हणाले. "नकाशा दुसऱ्याकडनं काढतो. पण जागा तू येऊन बघ."

मी लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, मी एकटी बघणार नाही, मातीतलं कळणाऱ्या माणसाला बरोबर आणीन, आणि तो नको म्हणाला तर तुम्ही ऐकायचं.

"आन," काका म्हणाले.

आतापर्यंत तीन जागा बघितल्या. तिन्हींना नको सांगितलं. प्रत्येक वेळी काका पोलादपूरपर्यंत माझ्याशी न बोलता आले, आणि एसटी लागल्यावर माझी पिशवी उचलून आत ठेवली. चौथी जागा पुढच्या आठवड्यात बघायची आहे. ती सपाट आहे म्हणतात. मला त्या शब्दावरही अजून विश्वास ठेवता येत नाही.