आच सांगायची असते

माझी थोरली बहीण आमगावजवळच्या एका गावात राहते आणि अख्ख्या गावाला तिच्या जिभेचा धाक आहे. भाजीवाल्याच्या वांग्यात तिला खोट दिसते, सरपंचाच्या भाषणात दिसते, माझ्या सुटलेल्या पोटात तर दर भेटीला दिसते. मात्र स्वतःच्या अंगाबद्दल तिनं कधी चकार शब्द काढलेला नाही. चटक्याबद्दल तर नाहीच नाही. आमच्याकडे उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान आधी उकडतात, वाळवतात आणि मग गिरणीत नेतात. दिवाळीनंतर शेजारच्या घरांचंही धान ताईच्याच अंगणात उकडतं. हंड्यातलं धान झालं की नाही, हे ती उघड्या हातानं चाचपून सांगते आणि चुलीशी जाळ घालणारीला आच कमीजास्त करायला लावते. "हात भाजला" म्हणणारीला त्या अंगणात पुढच्या वर्षी बोलावणं नसतं. नव्या सुना डोळ्यांत पाणी आणून गप्प उभ्या राहतात आणि मी माझं मंडप-बिछायतीचं दुकान बंद करून तो देखावा बघायला मुद्दाम जातो.

काही वर्षांपूर्वी ताईला स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन, सलाईन, रेडिएशन, सगळं तिनं नर्सांना शिस्त लावत पार पाडलं. मागच्या हिवाळ्यात मात्र त्याच जागी, जुन्या व्रणाच्या कडेला, हरभऱ्याएवढ्या गाठी पुन्हा हाताला लागल्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या जागेवर एकदा रेडिएशन झालेलं, आता पुन्हा पूर्ण मात्रा देता येत नाही. पण गाठीची जागा यंत्रानं तासभर तापवली, की गाठीतल्या पेशी हळव्या होतात आणि मग कमी रेडिएशनचाही त्यांना चांगला मार बसतो.

"म्हणजे आधी उकडायचं, मग गिरणीत," मी म्हणालो.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि ते हसले. "जवळपास. फक्त उकडायचं नाही. कडक तापात अंग असतं, त्याहून थोडंसंच जास्त."

यंत्र म्हणजे छातीवर ठेवायची पाण्याची मऊ पिशवी, तिच्यावर तापवणारं एक जड चौकोनी डोकं आणि कातडीला चिकटवलेल्या बारीक तारा. ते चालवणारी मुलगी ताईला म्हणाली की तारा आहेत तिथलीच उष्णता तिला पडद्यावर दिसते. मधे कुठे दुखलं तर काकूंनी लगेच सांगायचं. मी दारातूनच तिला अभिमानानं सांगितलं, की माझी बहीण उकळत्या धानात हात घालते, तुम्ही निर्धास्त राहा. त्या दिवशी ताई आतून एकदाही बोलली नाही. बाहेर आली ती कुस्ती मारून आल्यासारखी.

दुसऱ्या खेपेला तिचा पदर बाजूला झाला आणि मुलीला व्रणाजवळ टपोरा फोड दिसला. ताईनं तो मलाही सांगितला नव्हता. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. ते रागावले नाहीत, त्यानं मी जास्त घाबरलो. ते म्हणाले, "हा सुकेपर्यंत थांबू. पण पुन्हा असं झालं, जखम झाली, तर हे बंद करावं लागेल. आणि या गाठींसाठी याच्याइतका भरवसा मला दुसऱ्या कशाचा नाही."

परतीच्या गाडीत मी विचारलं, काऊन नाही सांगितलं?

"एवढ्याशानं कण्हली असती तं ते पोरगी काय म्हनली असती?"

मग मी तिची तालीम घ्यायची ठरवली. हिवाळ्यात आमच्या भागात नाटकांचा हंगाम असतो आणि माझ्याच मंडपात मी इतके मरणारे नायक पाहिले आहेत, की कण्हण्याचं शास्त्र मला पाठ आहे. ताई ऐकेना, म्हणून मीच खाटेवर आडवा झालो आणि कण्हून दाखवलं. आधी बेतानं, मग जमीनदारासारखं, मग विष घेतलेल्या राणीसारखं. राणी शेवटच्या श्वासावर असताना शेजारीण ओल्या हातांनी धावत आली, तिच्यामागून अर्धी गल्ली. ताई इतकी हसली की व्रणावर हात दाबून खाली बसली.

सगळे गेल्यावर ती पदर सावरत उठली. मग तिनं विचारलं, "तिथं आच कोन कमीजास्त करते?"

"ती पोरगी."

"अन तिले सारं दिसत नाही?"

"तारांपुरतंच."

"म्हंजे जाळ घालनारी ते, अन वर हात ठेवनारी मी." ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू हे मीच लपवून ठेवलं होतं. "मंग दुखते का, दुखते का, कायले विचारून राहिली ते? आच विचार म्हना."

फोड सुकला. पुढच्या वेळी मी दाराबाहेर बसलो होतो, तेव्हा आतून ताईचा अंगणातला आवाज आला. "ए पोरी, काखेकडं जास्ती झाली, कमी कर. अजून. हां. आता मधात थंडी पडून राहिली, वाढव जरा." तासभर ती थांबली नाही. मुलगी बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "काका, आज मशीन मी नाही चालवली."

पुढचे आठवडे काही मजेचे नव्हते. कातडी काळवंडली, अन्नाची वासना गेली, कधी कधी गाडीतून उतरताना ती माझ्या खांद्याचा आधार घ्यायची आणि वर माझ्या चालण्याला नावं ठेवायची. पण उपचार एकदाही थांबवावा लागला नाही.

शेवटच्या तपासणीत डॉक्टरांची बोटं व्रणाच्या कडेनं हळूहळू फिरली. पुन्हा फिरली.

"गेल्या?" ताईनं विचारलं.

"आज तरी हाताला लागत नाहीत. आपण तपासत राहू. वचन मी देत नाही."

"वचन नोको. तपासत राहा."

येताना तिनं गोंदियालाच उतरायला लावलं. तिला नागऱ्याला महादेवाच्या देवळात जायचं होतं. पिंडीसमोर ती इतका वेळ उभी राहिली की मागची माणसं खाकरायला लागली. बाहेर आल्यावर मी विचारलं, एवढं काय मागितलंस?

"मागतलं काई नाही. गुडघे, कंबर, दाढ, कुठं कुठं दुखते ते सारं सांगितलं. इतके वर्षं चूपच होती ना मी."

चपला घालता घालता ती थांबली.

"पाठ राहिली," म्हणाली, आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.