पत्र्यावरची सुनंदा

एका चित्राभोवती किती किस्से साचावेत? आम्ही देवरीचे जुने मास्तर लोक एकत्र बसलो की कोणीतरी मेश्राम सरांच्या त्या एचिंगचं नाव काढतो, आणि मग चहा गार होतो. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, सर ड्रॉइंग. त्यांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये छपाईचा हातप्रेस होता. त्याचं चाक फिरवायला राइस मिलमधून रिटायर झालेले सुखदेवभाऊ यायचे. आणि मी? मी अ‍ॅसिडसाठी!

*

सुरुवात झाली ती देवरीच्या बसस्टँडवर. मी आणि सर तिथून चाललो होतो. चिचगडच्या गाडीची वाट बघत एक बाई बसली होती. मांडीवर झोपलेलं लेकरू, पायाशी मोहफुलांचं गाठोडं. सरांनी वही काढली आणि लागले चित्र काढायला.

"ओ भाऊ, बाईमाणसाकडं काऊन पाहून राहिले?" मागून आवाज आला. बघता बघता दहा-बारा माणसं जमली. एकानं सरांची कॉलर धरली. मी ओरडले, "अहो, ते शाळेतले सर आहेत!" पण ऐकतंय कोण!

सरांनी मुकाट्यानं वही त्या बाईसमोर धरली. तिनं नीट पाहिलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती एक वावगा शब्द बोलली असती, तर सरांची हाडं शिल्लक राहिली नसती.

"नाक मोठं काढलं माहं," ती म्हणाली. "बारीक करा."

ती सुनंदा. पुढे तीन बाजारांच्या दिवशी ती शेडमध्ये येऊन बसली. दर वेळी लेकराला खांद्यावर झोपवून मगच बसायची.

*

एचिंग म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र कोरायचं आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये ठेवायचा. सुई फिरली तेवढ्याच जागी अ‍ॅसिड तांबं खातं. त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर छापायचं.

ट्रेमध्ये पत्रा ठेवला आणि लोडशेडिंग! एक्झॉस्ट फॅन बंद. तांबूस धूर शेडभर पसरायला लागला. तो धूर काय करतो, हे मी दरवर्षी दहावीला शिकवत होते.

"सर, बाहेर या! आत्ता!"

"दोन मिनिटं. लेकराच्या पापण्या राहिल्या."

"सर, फुप्फुसं जातील!"

ते तोंडाला ओला रुमाल बांधून, रेघा सारख्या खोदल्या जाव्यात म्हणून पिसानं पत्र्यावरचे बुडबुडे सारत होते. मी आणि सुखदेवभाऊंनी त्यांना दंडाला धरून ओढलं, तर पत्रा हातात घेऊनच बाहेर आले. अंगणात बसून बराच वेळ खोकले. मी चिडून म्हटलं, "जीव गेला असता तर?"

"मग पत्रा कोणी काढला असता?" सर म्हणाले.

*

पहिली प्रत निघाली, ती बघायला सुनंदा आली. कागदावर वाकून तिनं बघितलं.

"माहं लेकरू तं डाव्या खांद्यावर राह्यते. हे उजव्यावर कसं गेलं?"

छापताना चित्र उलटं होतं. पत्र्यावर ते उलटं काढायचं सर घाईत विसरले होते! ते डोकं धरून खालीच बसले. दोन महिन्यांचं काम. सुखदेवभाऊंनी चाकावरचा हात काढला.

सुनंदानं पुन्हा एकदा पाहिलं. "राहू द्या, सर. आरशात असंच तं दिसते."

*

सरांनी ठरवलं होतं, पंधरा प्रती काढायच्या. सोळावी नाही. पंधराही शेडच्या जमिनीवर वाळत होत्या आणि सुनंदाचा नवरा हरिदास दारात उभा राहिला. डोळे लाल.

"माही बायको पंधरा लोकायच्या घरी टांगता का?"

सुखदेवभाऊ उठून उभे राहिले. सरांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि हरिदासला म्हणाले, "आधी बघून घ्या. नाही पटलं, तर तुमच्यासमोर फाडतो."

मला वाटलं, सरांना वेड लागलं! हरिदास चपला काढून आत आला. एकेका कागदासमोर उकिडवा बसला.

"सगळ्या सारख्याच हायेत."

"नाहीत. शाई दर वेळी वेगळी बसते. नीट बघा."

तो बघत राहिला. आम्ही तिघं भिंतीला टेकून. अर्ध्या तासानं त्यानं एका कागदावर बोट ठेवलं.

"ह्याच्यात ते थकलेली हाय. हे घरी पाह्यजे. बाकीच्या तुमच्या."

*

उरलेल्यांपैकी एक सरांनी स्टाफरूमला दिली. खाली पेन्सिलीनं सही आणि ४/१५. म्हणजे पंधरांतली चौथी प्रत. तपासणीला आलेले एक साहेब चित्रासमोर थबकले.

"एवढं सुंदर चित्र आणि पंधरापैकी चारच मार्क?"

सर गंभीरपणे म्हणाले, "साहेब, पेपर कठीण होता!"

*

प्रती संपल्या की पत्र्यावर रेघ मारून तो बाद करायचा असतो, म्हणजे पुन्हा कोणी छापू शकत नाही. सरांनी ते आठवडाभर टाळलं. शेवटी एका दुपारी पत्रा टेबलावर घेतला, आणि नेमकी सुनंदा आली. लेकरू आता चालत होतं.

"हे कायले खोडून राहिले?"

सरांनी समजावलं. प्रती घेणाऱ्यांना दिलेला शब्द, पंधरा म्हणजे पंधरा. तिनं पत्र्यावर तळहात ठेवला. सरांची सुई हवेतच.

"मले खोडा," ती म्हणाली. "लेकराले हात नोका लावू."

"माझ्यानं होत नाही, बाई."

"द्या इकडं."

तिनं सुई घेतली. पत्र्यावरच्या स्वतःच्या कपाळापासून खांद्यापर्यंत एकच रेघ ओढली, सावकाश, जोर लावून. तांब्याचा करकर आवाज शेडभर झाला. लेकराच्या केसांपाशी सुई थांबली. तिनं ती सरांच्या हातात परत दिली.

मग वाकून लेकराचं नाक पदरानं पुसलं आणि मला विचारलं, "मॅडम, चिचगडची गाडी कितीले हाय?"